खोक्याला भोक ठेवणारे इस्माईलचाचा

इस्माईलचाचा खोक्याला कान लावतात. डोळे मिटून, स्वतःचा श्वास रोखून, अगदी डॉक्टर छाती तपासतो तसा. सेनगावच्या स्टँडजवळ त्यांचं दुकान आणि त्याला खेटून माझी पिठाची गिरणी. मधली भिंत छातीएवढीच, त्यामुळं हा तमाशा मी रोज बघतो. नवीन गिऱ्हाईक दळण घेऊन आलं की हमखास विचारतं, "दत्ताभाऊ, त्या खोक्यात कोण हाये?" मी सांगतो, "सीताफळ." गिऱ्हाईक एकदा माझ्याकडं बघतं, एकदा चाचांकडं बघतं आणि पुढं काही न विचारता गप रांगेला लागतं.

खोकं ऐकून झालं की चाचा डोळे उघडतात आणि गावाला जाहीर करतात, "बराबर हाये. श्वास घेऊन राहिलं."

एकदा ह्या नादात सगळं स्टँड रिकामं झालं होतं. खोक्यात सुका बर्फ असतो. सुका म्हणजे वितळून पाणी न होणारा. तो सरळ हवा होऊन उडून जातो. इतका गार की उघड्या बोटानं धरला तर विस्तवासारखा चटका बसतो. तर त्या दिवशी चाचा खोकं भरत होते, कोपऱ्यातून पांढरा धूर निघत होता. समोरच्या हॉटेलवाल्याकडं पुसदचा एक नवा आचारी आलेला. त्याला वाटलं, म्हातारा पेटला! बिचाऱ्यानं पाण्याची बादली उचलली आणि धावत येऊन खोक्यावर ओतली. पाणी पडल्यावर सुका बर्फ शांत होत नाही, चेकाळतो. असा काही धूर उठला, की समोरची एसटी दिसेना. एक बाई लेकराला काखेत मारून पळाली, ड्रायव्हर खिडकीतून उतरला आणि माझ्या गिरणीतलं अर्धं गिऱ्हाईक दळण टाकून पसार झालं. धूर खाली बसला तेव्हा चाचा जागेवरच उभे होते, चिंब भिजलेले. ते आचाऱ्याला एवढंच म्हणाले, "बेटा, चहा तरी बराबर करतो का?"

चाचा मूळचे पिंजारी. कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या, हे त्यांच्या घरात बापजाद्यांपासून. पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि चाचा दुकानात माशा मारत बसायला लागले. तेव्हा त्यांचं तोंड जास्त चालायचं. माझ्या गिरणीचा आवाज मोठा, माझं पीठ उडून त्यांच्या कापसावर बसतं, माझं गिऱ्हाईक त्यांच्या उंबऱ्यावर थुंकतं. शेवटचं खरं होतं, पण बाकीचं सगळं रिकामपणाचं.

मग एका सीताफळाच्या हंगामात साखऱ्याकडच्या तांड्यावरून कमळाबाई आली. तांड्यावरच्या बाया माळावरची, बांधावरची सीताफळं आणून त्यांचा गर काढतात. त्यांनी मिळून एक मोठा फ्रीजरही घेतलेला. हैदराबादच्या एका आइस्क्रीमवाल्याला त्यांनी गर धाडला आणि त्यानं सगळाच्या सगळा परत पाठवला, कारण वाटेत तापून तो काळा पडला होता. कमळाबाई स्टँडवर डबे पुढ्यात घेऊन बसली होती आणि आइस्क्रीमवाल्याला, ड्रायव्हरला आणि उन्हाला एका दमात शिव्या देत होती. चाचा हातात सुई तशीच धरून बाहेर गेले. डब्यावर हात ठेवला. "बाई, ह्याला असं नागडं कोणी धाडलं?"

"मंग काय लुगडं नेसवू?" कमळाबाई भडकली.

"लुगडं न्हाई. रजई."

मी भिंतीवरून पोट धरून हसलो. गारव्याला रजई! चाचा माझ्याकडं वळले. "दत्ता, तुला वाटतं रजई ऊब देते? रजई कोणाला काही देत न्हाई. आतलं बाहेर जाऊ देत न्हाई न् बाहेरचं आत येऊ देत न्हाई, एवढंच तिचं काम. आत माणूस असंल तर ऊब ऱ्हाईल. बर्फ असंल तर गारवा ऱ्हाईल." हसू आवरून गेलो दळायला.

तिथून हा धंदा सुरू झाला. आइस्क्रीमवाल्यानं फोनवर सांगितलं, सुका बर्फ वापरा. संभाजीनगरहून ट्रॅव्हल्सनं तो मागवला. पहिलं खोकं चाचांनी जीव ओतून भरलं. थर्माकोलची पेटी, आत गोठलेला गर, वर बर्फ, झाकणाला चारी बाजूंनी टेप, टेपवर टेप, वरून रजई आणि रजईवर सुतळी. मुंगी शिरणार नाही असं काम. ते खोकं जीपमध्ये नर्सीपर्यंत गेलं आणि तिथं धाडकन फुटलं. बर्फाची हवा झाली, हवेला जागा पाहिजे, जागा मिळेना, मग ती झाकणच घेऊन निघाली. कोणाला लागलं नाही, पण शेजारी बसलेल्या एका गुरुजींच्या टोपीत सीताफळाचा गर भरला.

त्या दिवसापासून चाचांचा एकच कायदा. झाकणाच्या एका कोपऱ्याला पेन्सिल जाईल एवढं भोक. "गारव्याला बी श्वास लागतो. कोंडला की फुटतो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की एकदा माझ्या बायकोनं कुकरची शिट्टी काढली तेव्हा माझ्याच तोंडातून निघून गेलं.

कायदा खोक्यापुरता राहिला असता तरी ठीक. चाचांचा माल जीपमध्ये असला की खिडक्या उघड्या पाहिजेत, कारण ती हवा बंद गाडीत साचली तर माणूस गुदमरतो. गोष्ट खरीच आहे. पण आमच्याकडं हिवाळ्यात पहाटे दात वाजतात. सेनगाव ते हिंगोली, सगळ्या खिडक्या खाली, म्हाताऱ्या शालीत बुडालेल्या आणि जीपवाल्याला बजावणारे चाचा, "थंडी वाजली तर वाजू दे, वाजली म्हंजे माणूस जित्ता हाये."

लग्नवाल्यांवर तर त्यांचा विशेष राग. आजकाल नवरा-नवरीची एंट्री ढगातून होते. मंडपवाले येतात, "चाचा, थोडा धुराचा बर्फ द्या ना." चाचा त्यांना खाली बसवतात. "हा धूर कुठं जातो? खाली. खाली कोण असतं? लेकरं. तुमचे नवरा-नवरी ढगात न् लेकरं काय पाताळात?" मंडपवाला उठून जातो. चाचा मागून ओरडतात, "ढग पाहिजे तर पावसाळ्यात लगीन करा!"

कमळाबाईची मोठी लेक सुनीता बारावी झाली आणि चाचांच्या दुकानात पॅकिंगला लागली. पोरगी मोठी चपळ आणि जिभेची तिखट. चाचांना तोडीस तोड. ते रद्दीचे पेपर खोक्यात कोंबायच्या आधी वाचत बसायचे. ती म्हणायची, "चाचा, वाचायचा का कोंबायचा? एक काय ते ठरवा." सकाळी साखऱ्याची जीप आली की चाचा उंबऱ्यातूनच ओरडणार, "आलीस का बाई? का येताना आख्खा तांडा उचलून आणीत व्हती?" आणि ती म्हणणार, "तुमी कुठं मालाचं काम करून राहिले? पेपरच तर वाचून राहिले." मग दिवसभर चालूच. टेप वाकडा का, पेपर ढिला का, हातमोजे काहून घातले न्हाई. मी गिरणीचा पट्टा लावताना हे सगळं ऐकायचो. खरं सांगतो, रेडिओ लावायची गरज राहिली नव्हती.

चाची जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. दुकानामागच्या खोलीत चाचा एकटे राहतात, स्वतः भाकरी थापतात आणि स्वतःच्याच भाकरीला नावं ठेवतात.

तर सुनीताला स्थळ आलं. जिंतूरकडचा मुलगा, विकास. स्वतःचं पिकअप चालवतो, दिसायला बरा, बोलायला कमी. बघायचा कार्यक्रम तांड्यावर ठरलेला. पण नेमका त्याच दिवशी हैदराबादचा माल निघायचा होता. सुनीता म्हणाली, "माल गेल्याबिगर मी हलायची न्हाई." मग पाहुणेच दुकानावर आले. विकास आणि त्याचा मामा गाद्यांच्या थप्पीवर बसले. कमळाबाई घाबरीघुबरी झालेली. मी गिरणी बंद केली आणि भिंतीला कोपर टेकले. एवढं बघायचं सोडून दळण कोण दळतंय?

मामानं मुलीला नाव-गाव विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात चाचा म्हणाले, "ते मागून. आधी पोराला एक खोकं भरू द्या."

विकासला वाटलं चेष्टा आहे. पण चाचांनी रजईच्या कापडाचे हातमोजे त्याच्या पुढ्यात टाकले. पोरानं बाह्या सारल्या. गर ठेवला, बर्फ ठेवला, झाकण लावलं आणि टेप घेऊन असा काही गुंडाळला की बघत राहावं. चारी बाजूंनी, घट्ट, वर अंगठ्यानं दाबून. मामा फुशारून म्हणाला, "आमच्या पोराचं काम पक्कं असतंय!"

सुनीतानं कपाळाला हात लावला.

चाचांनी खोक्याभोवती एक चक्कर मारली. "पोरगं नापास."

"काहून?" मामा उठलाच.

"कोंडून ठेवणारं पोरगं हाये. आज खोकं कोंडलं, उद्या पोरीला कोंडील."

मामाचा चेहरा लालबुंद झाला. "तुमी कोण लागता हो पोरीचे?"

चाचांनी टेपचं रीळ उचललं, परत खाली ठेवलं. मग ते हळूच म्हणाले, "मी... पॅकिंगवाला."

पाहुणे चहा न घेता उठले. संपलं, असंच मला वाटलं. कमळाबाई चाचांना वाट्टेल ते बोलली, आणि बोलायलाच पाहिजे होतं. चांगलं स्थळ, बिनहुंड्याचं. पण सुनीताचं वेगळंच. ती म्हणाली, "आई, मला पोरगं पसंत हाये. पण चाचा व्हय म्हणल्याबिगर मी लग्नाला उभी राहायची न्हाई." झालं! आता सगळं लग्न त्या म्हाताऱ्याच्या 'व्हय'वर लटकलं.

आणि बाजाराच्या दिवशी काय बघतो, तर विकास हजर. एकटाच. स्वतःचा टेप घेऊन आलेला. "चाचा, भोक काहून ठेवायचं, तेवढं सांगा."

मला तिथंच पोरगं आवडलं. चाचांनाही आवडलं असणार, पण दाखवतील तर शपथ. त्यांनी एका फुग्यात बर्फाचा चुरा टाकला, तोंड बांधलं आणि फरशीवर ठेवला. कोणी न फुंकता फुगा फुगायला लागला. लिंबाएवढा, नारळाएवढा, भोपळ्याएवढा आणि फट्! माझ्या गिरणीत एका म्हातारीच्या हातून ज्वारीचा डबा सुटला.

"फुटला काहून?" चाचांनी विचारलं.

"कोंडला म्हणून," विकास म्हणाला.

"हं. बस."

तेव्हापासून भाडं नसलं की विकास सेनगावात. शिकला भराभर. बर्फ गराच्या वर ठेवायचा, कारण गारवा खाली उतरतो. मोकळी जागा पेपरनं भरायची, नाहीतर बर्फ लवकर उडतो. वर मोठ्या अक्षरात लिहायचं, की आत सुका बर्फ आहे, उघड्या हातानं धरू नका. सगळं यायला लागलं. आणि जसजसं यायला लागलं, तसतशा चाचांच्या चुका विचित्र व्हायला लागल्या. आधी पेपर ढिला होता. मग पेपर जास्त घट्ट झाला. मग 'सुका' शब्दातल्या 'का'चं पोट आत गेलं. एक दिवस म्हणाले, "टेप फाडताना तुझा आवाज बराबर येत न्हाई."

मी भिंतीवरून ओरडलो, "चाचा, उद्या म्हणाल पोराची सावली वाकडी पडली!"

"पडतेच वाकडी," चाचा म्हणाले.

सुनीता आधी हसायची. मग हसेनाशी झाली. विकासला ती म्हणताना मी ऐकलं, "तुमाला तकलीफ होऊन राहिली ना?" तो म्हणाला, "न्हाई. म्हाताऱ्याला काय पाहिजे ते तरी कळू दे." त्याचं ठरलेलं होतं. जिंतूरला फ्रीजर घ्यायचा, तिकडच्या बायांचा गर सुनीतानं भरायचा, यानं पिकअपमधून न्यायचा. पोरीला घरी बसवायचं त्याच्या डोक्यातही नव्हतं. हे चाचांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे माझ्याच पोटावर पाय!"

शेवटी मामाचा निरोप आला. ह्या बाजारापर्यंत हो का नाही ते सांगा, रिसोडकडचं दुसरं स्थळ थांबलंय. कमळाबाई माझ्याकडं आली, डोळ्याला पदर. "दत्तादादा, तुमी तरी सांगा इस्माईलभाईला. माझ्या लेकीचं वाटोळं करून राहिले." मी चाचांना झाडलं. चांगलं तासून झाडलं. ते ऐकून घेत बसले आणि म्हणाले, "बाजाराच्या दिवशी बघू. एक शेवटचं खोकं भरू दे त्याला."

बाजाराच्या दिवशी विकासनं खोकं भरलं. मला पॅकिंगमधलं काय कळतंय, पण मलाही कळलं, की ह्यात खोट नाही. कोपऱ्याला पेन्सिलीएवढं भोक, त्यातून धुराची बारीक रेघ. अक्षर कसं, तर शाळेच्या फळ्यावरचं. चाचा खोक्याभोवती फिरले. परत फिरले. वाकले, उठले. कमळाबाई पदर चावत उभी.

"चहा घेऊन या सगळे," चाचा म्हणाले. "मग सांगतो."

सगळे समोरच्या हॉटेलात गेले. तेवढ्यात लाइट गेली आणि माझी गिरणी बंद पडली. एकदम शांत झालं. मी पट्टा सोडवायला वळलो आणि भिंतीवरून सहज बघितलं.

चाचा टेपचा तुकडा फाडत होते. त्यांनी तो तुकडा विकासच्या खोक्याच्या भोकावर ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. धुराची रेघ थांबली.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. हा माणूस! जीपमधल्या म्हाताऱ्या गारठल्या तरी खिडकी लावू न देणारा! माझ्या तोंडून शिवीच निघणार होती, पण दारात सुनीता उभी दिसली. पिशवी विसरली म्हणून परत आलेली.

"चाचा, ते काय करून राहिले?"

चाचांनी हात काढला नाही. "पोरानं भोक लय मोठं ठेवलं."

"मोठं न्हाई. मी बघितलं ना आत्ता."

चाचांनी टेप आणखी दाबला.

"खोकं फुटंल चाचा. तुमीच शिकवलं."

"फुटू दिलं नसतं बाई," चाचा म्हणाले. "सगळ्यांच्या म्होरं मीच काढलं असतं. म्हणलो असतो, बघा, पोरगं भोक ठेवायला विसरलं." आवाज असा, की मला भिंतीआड वाकून ऐकावं लागलं. "नापास झाला असता बिचारा."

"पण काहून?"

"पास झाला की तू जाशील ना." चाचा तिच्याकडं बघत नव्हते. "जायला पाहिजे, मला कळत न्हाई का? पण सकाळी जीप आली न् तू उतरली न्हाईस, तर मी भांडू कोणासंग? दत्ताच्या गिरणीसंग?"

मी जागच्या जागी बसलो. डोळे भरून आले, आता लपवायचं काय त्यात. सुनीतानं पिशवी खाली टाकली, त्यांच्या जवळ जाऊन बसली आणि रडायलाच लागली. रडता रडता त्यांच्या दंडावर बुक्क्या मारत होती. "वेडे हाव का तुमी? आँ? वेडे हाव का? मला एवढं सांगता येत न्हाई का तोंडानं?" चाचा म्हणत होते, "मार बाई, मार. चुकलंच माझं." आणि तिच्या डोक्यावर हात फिरवत होते, हातातला तो रजईचा हातमोजा काढायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

टेप तिनं काढला नाही. नाक पुसलं आणि म्हणाली, "तुमीच काढा."

चाचांनी हातमोजा काढला, नखानं टेपचं टोक उचललं आणि ओढला. थर्माकोलचे दोन-चार दाणे त्याच्याबरोबर आले. रेघ परत सुरू झाली. मग ते उठून दाराशी गेले, घसा खाकरला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले, "ओ जिंतूरवाले! पास!"

विकास हातातली बशी टाकून पळत आला. मागून कमळाबाई. पोरानं आधी सुनीताचे लाल डोळे बघितले, मग खोकं बघितलं, सगळ्या बाजूंनी. त्याला खरंच वाटेना.

"पास ना चाचा? पेपर, टेप, सगळं? एक बी चूक न्हाई?"

चाचांनी वाकून खोक्याला कान लावला.

"न्हाई रे बाबा," ते म्हणाले. "लय शोधली. सापडली न्हाई."